तिसऱ्या रांगेतलं घड्याळ

एक

भिंगकाकांना मरून पडलेलं पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या मुलीने, रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला. नणंदेकडे एक रात्र राहून ती नवऱ्यासोबत परत आली होती. वर घरात गेली तर बापाचं अंथरूण घडी घातलेलं, चहाचं भांडं कोरडं. म्हणून जिन्याने खाली दुकानात उतरली, आणि मग बंद शटरच्या आतून आलेली तिची किंकाळी समोरच्या चष्मेवाल्याने ऐकली.

ठाण्याच्या फौजदारबाई पाऊण तासात पोचल्या. बावीस वर्षांची नोकरी, दुखरे गुडघे, आणि समोरच्याला बोलू देऊन आपण गप्प बसायची सवय. त्या सवयीपुढे भलेभले कबूल झाले होते.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या अर्ध्यात जावयाचं मोबाइल दुरुस्तीचं काउंटर, मागच्या अर्ध्यात काकांचं टेबल. काका जुनी खिशातली घड्याळं दुरुस्त करायचे, त्यातही रेल्वेची. ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर एके काळी साखळीला अडकवून खिशात ठेवायचे ती, जाडजूड, ठळक काळ्या आकड्यांची. डोळ्याला भिंग कायमचं लावलेलं, म्हणून भिंगकाका. खरं नाव टपालवाल्याला तेवढं ठाऊक.

मेले तेव्हाही भिंग कपाळावर सरकवलेलं होतं. स्टूल आणि टेबलाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ते पालथे पडले होते, आणि डोक्याशी मुठीएवढी लोखंडी ऐरण. तिला लागलेलं रक्त वाळून काळं पडलं होतं.

"चोरी आहे बाई," हवालदार म्हणाला. "काउंटरचा खण उपसलाय. दोन मनगटी घड्याळं गेली म्हणतो जावई."

बाईंनी टेबलावरच्या फळीकडे पाहिलं. चांदीची अकरा घड्याळं जागच्या जागी लटकत होती. "हा कसला चोर? दूध सोडून ताक पिऊन गेला."

टेबलावर एका पांढऱ्या ताटलीत बारावं घड्याळ होतं. काचेच्या जागी नुसते दातेरी तुकडे. काटे पाच वाजून एकेचाळीस मिनिटांवर थांबलेले. साखळीला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती, काकांच्याच अक्षरात: 'गुरुवार. काच फुटलेली. आत बॅलन्सच्या चाकाची दांडी मोडलेली, नवी घडवावी लागेल. एक महिना. बाइंडरबाई.'

"काल संध्याकाळी साडेपाचला," चष्मेवाला दारातूनच सांगू लागला, "एक बाई इथून बाहेर पडली. रडत होती. चपलेचा पट्टा तुटला तरी थांबली नाही, चप्पल हातात घेऊन पळाली."

"ओळखता?"

"ओळखतो की. वाचनालयात पुस्तकांची बांधणी करते. त्या ड्रायव्हरची मुलगी."

"कुठल्या ड्रायव्हरची?"

चष्मेवाल्याने आवाज खाली आणला. "एकवीस माणसं मारली होती ना, त्याची."

दोन

मुलगी जिन्याच्या पायरीवर बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"गुरुवारी ते घड्याळ आलं, आणि बाबांचं जेवणखाण सुटलं," ती म्हणाली. "मी विचारलं, दुखतंय का कुठे? तर म्हणाले, दुखायला हवं होतं तेव्हा दुखलं नाही. मला काही उमगलं नाही. मग दुकानाचं दार ओढून घेऊन कुणाला तरी फोन केला."

"कुणाला?"

"नाही सांगितलं. आवाज तेवढा आला. 'आता मी गप्प बसणार नाही' असं म्हणत होते."

जावई भिंतीला टेकून उभा होता. शुक्रवारी त्याचं सासऱ्याशी वाजलं होतं, ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. बाईंनी विचारायच्या आधीच तो बोलायला लागला.

"मागचा भाग मला द्या म्हणालो, काउंटर वाढवायचंय. ते म्हणाले, मी मेल्यावर घे. आता लोक काय म्हणतील, सांगायला नको."

"ही घड्याळं तुम्हाला उघडता येतात?"

"मागचं झाकण उघडतं. पण हात लावू देत नव्हते. मोबाइलवाल्याचा हात जड असतो म्हणायचे." त्याने ताटलीकडे पाहिलं. "एकदाच शिकवलं होतं. आपल्या घड्याळात बोंड ओढायचं आणि फिरवायचं, की काटे सरकतात. यांच्यात तसं नाही. बोंड फिरवलं तर नुसती चावी बसते. काटे हलवायचे तर पुढचं काचेचं कडं आटे फिरवून काढायचं, आत एक बारीक पट्टी असते ती ओढायची, मगच."

"एवढा खटाटोप कशाला?"

"खिशातून काढताना बोंड चुकून ओढलं जाऊन वेळ सरकली, तर दोन गाड्या एकमेकींवर जातील ना."

बाईंनी ताटलीतल्या घड्याळाचं बोंड निरखून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "चावी किती वेळ पुरते?"

"दीड दिवस. फार तर दोन."

"आणि रेल्वेची घड्याळं इतकी कोण देतं दुरुस्तीला?"

"एकच मोठं गिऱ्हाईक. तळ्याकाठच्या बंगल्यातले साहेब. त्यांच्याकडे कपाटभर आहेत. गेली तीस वर्षं त्यांचं एकेक घड्याळ बाबांच्याच हातून गेलं," मुलगीच म्हणाली. "फार मान द्यायचे ते बाबांना. बाबा मात्र त्यांच्याकडून आले की हात धुवायचे. साबणाने, दोन-दोनदा."

तीन

वाचनालय रविवारी बंद होतं, पण तळघरातल्या बांधणीच्या खोलीत दिवा होता. बाइंडरबाई पंचेचाळिशीच्या आसपास असतील. खळ लागलेले हात, बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा. त्यांनी बाईंना किंवा मागून आलेल्या हवालदाराला बसायला सांगितलं नाही.

"काल कुठे होता?"

"इथेच."

बाई गप्प बसल्या. कोपऱ्यातल्या दाबयंत्राखाली एक जाडा ग्रंथ चेपला जात होता. बाइंडरबाईंनी दोरा ओवला, परत काढला, परत ओवला.

"गेले होते," शेवटी त्या म्हणाल्या. "त्यांनीच बोलावलं. तुमच्या वडिलांबद्दल सांगायचंय म्हणाले."

मग त्यांनी सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी त्यांचे वडील मालगाडीचे ड्रायव्हर होते. एकेरी मार्ग, दाट धुकं. पाच चाळीसपर्यंत मार्ग मालगाडीचा, तोवर तिने पुढच्या स्टेशनात पोचायचं. त्यानंतर समोरून येणाऱ्या पॅसेंजरचा. दोन्ही गाड्या वाटेत समोरासमोर धडकल्या. स्टेशनच्या वहीत टकरीची वेळ पाच एकेचाळीस लिहिली होती. दोन्ही ड्रायव्हर मेले, गार्ड मेला. आणि मेलेल्या ड्रायव्हरच्या खिशातलं फुटकं घड्याळही पाच एकेचाळीसवर थांबलेलं निघालं.

"चौकशीत म्हणाले, आणखी पुरावा कशाला? त्याचंच घड्याळ साक्ष देतंय. वेळ संपल्यावरही तो मार्गावर होता." बाइंडरबाईंचा आवाज कोरडा होता. "आमच्या दारावर लोक शेण मारून जायचे. शाळेत माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिने ते घड्याळ ट्रंकेच्या तळाशी ठेवलं होतं, कधी उघडून पाहिलं नाही. मला वाटलं, निदान दुरुस्त करून ठेवावं. बाप वाईट असला तरी बापच."

"आणि काल?"

"काल ते म्हणाले, 'घड्याळ पाच छत्तीसला थांबलं होतं. चौकशीच्या आधी ते तपासायला माझ्याकडे आलं, आणि मी कडं काढून काटे पाच मिनिटं पुढे नेले. माझ्याकडून करवून घेतलं, पण हात माझेच.'"

हवालदाराच्या हातातलं पेन थांबलं.

"पाच छत्तीस म्हणजे बाबांची वेळ होती. पॅसेंजरच आधी सोडली होती कुणीतरी. मी विचारलं, कुणी करवून घेतलं? म्हणाले, आधी त्यालाच विचारतो, त्याच्याकडूनही लिहून घेतो, सोमवारी या. आणि माझ्या पाया पडायला वाकले." त्यांनी सुई टेबलात खुपसली. "मला ते सहन झालं नाही. ऐरण तिथेच होती. ती उचलावी असं वाटलं, हे खोटं नाही सांगणार. मी उचलली नाही. पळाले."

बाहेर आल्यावर हवालदाराने मान हलवली. "बाई, मला वाईट वाटतंय, पण हिच्याएवढं कारण दुसऱ्या कुणाकडे आहे? बापाचं नाव घालवणारा माणूस हाताच्या अंतरावर, आणि शेजारी ऐरण."

"आणि मग तिने काउंटरचा खण उपसला? चप्पल हातात घेऊन?"

"परत आली असेल."

बाईंनी गाडीचं दार ओढून घेतलं, पण ते 'असेल' त्यांना टोचत राहिलं.

चार

तळ्याकाठच्या बंगल्यावर हवालदाराने आधी फोन करून ठेवला होता. तरीही बेल दोनदा वाजवावी लागली. पहिल्या बेलनंतर आत पावलं वाजली, ती दाराकडे न येता दूर गेली. मग बराच वेळ काही नाही. मग दार उघडलं.

साहेब साठी गाठलेले, ताठ, दाढी गुळगुळीत. "माफ करा मॅडम, वयाने पाय मंदावलेत." त्यांचे डोळे ओले होते. "असा माणूस पुन्हा होणे नाही. घड्याळाच्या ठोक्यावरून त्याला रोग कळायचा."

हवालदार बाहेर गाडीशी थांबला. बाई एकट्याच आत गेल्या. दिवाणखान्याची एक अख्खी भिंत काचेच्या कपाटाने भरली होती. चार रांगा, रांगेत नऊ, छत्तीस घड्याळं. सगळ्यांचा मिळून एकच खळखळाट चालला होता. आणि सगळी अचूक: चार वाजून दहा.

"रोज सकाळी आठला मी स्वतः चावी देतो," साहेब म्हणाले. "छत्तीसच्या छत्तीस. एकही दिवस चुकलेला नाही. लोक छायाचित्रं काढून नेतात. पलीकडच्या संग्रहालयाने यादीही छापली आहे."

"काकांना शेवटचं कधी भेटलात?"

"दहा-बारा दिवस झाले."

"गुरुवारी फोन?"

"मला? नाही." ते सहज म्हणाले. "का, आला होता असं कुणी सांगितलं?"

बाई गप्प बसल्या. साहेबही गप्प बसले. या खेळात तरबेज असलेला माणूस बाईंना फार वर्षांनी भेटत होता. शेवटी हरल्या त्या बाईच.

"तुम्ही रेल्वेतच होता?"

"छत्तीस वर्षं. वाहतूक विभाग. निवृत्त झालो तेव्हा विभागप्रमुख होतो."

"आणि सुरुवात?"

"सगळ्यांची होते तिथेच. लहान स्टेशनं." त्यांनी विषय कपाटाकडे वळवला. तिसऱ्या रांगेतल्या एका घड्याळाकडे बोट केलं. "त्याच्या टेबलावर जे होतं ना, तुमचा हवालदार फोनवर सांगत होता, तसलंच हे. एकाच कारखान्याचं. आता फारशी उरलेली नाहीत. त्या बाईंना म्हणावं, कोर्टातून सुटलं की मी सांभाळीन."

ते रेल्वेच्या जुन्या दिवसांविषयी खूप बोलले. बोलायला गोड माणूस. काकांच्या मुलीसाठी काही करता आलं तर सांगा, असं दोनदा म्हणाले. निघताना बाईंची नजर त्या तिसऱ्या रांगेतल्या घड्याळावर गेली. चार वाजून दहा. म्हणजे ठाण्यात जाऊन बाइंडरबाईंचा जबाब अजून टाइप करून घेता येईल, असा त्यांनी मनाशी हिशेब केला.

गाडीत हवालदार वैतागून बसला होता. "बाई, चहा तरी पाठवायचा बाहेर. पाऊण तास झाला."

"दहा मिनिटं नाही झाली."

"दहा?" त्याने मनगट पुढे केलं. पाच वाजायला पाच कमी. "तुमचे गुडघे गेले होते, आता घड्याळही गेलं."

बाई हसल्या. पण ते हसू गाडी पहिल्या चौकात पोचेपर्यंतच टिकलं. काहीतरी खुपत होतं, आणि काय ते सापडत नव्हतं.

पाच

सोमवारी सकाळी बाइंडरबाई स्वतःहून ठाण्यात आल्या. अटकेचा कागद तयार होता. वरून दोनदा विचारणा झाली होती. बाईंची सही तेवढी राहिली होती.

बाइंडरबाईंनी पिशवीतून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. "ट्रंकेत घड्याळासोबत हे होतं. काही उपयोग होतो का बघा." तपासणीचं कार्ड. दर पंधरवड्याला घड्याळ अचूक असल्याची नोंद आणि सही. वर घड्याळाचा नंबर.

बाईंनी मुद्देमालाचं पाकीट उघडलं आणि ते फुटकं घड्याळ तळहातावर घेतलं. वजनदार, थंड. जावयाने सांगितलेलं आठवलं: बोंड फिरवलं तर नुसती चावी बसते. मोडलेल्या घड्याळाला चावी देऊन काय होणार होतं? पण माणूस विचार करताना हाताला काहीतरी चाळा लागतो. बाईंनी बोंड फिरवलं. एकदा, दोनदा, पाचदा.

"बाई, मुद्देमाल आहे तो," हवालदार कुरकुरला.

"शू."

खोलीत अगदी शांतता होती. त्या शांततेत बाईंच्या तळहातावर ते घड्याळ टिकटिकायला लागलं.

एकतीस वर्षं ट्रंकेत पडलेलं. दांडी मोडलेलं. नवी दांडी घडवायला एक महिना लागेल असं गुरुवारी लिहून ठेवलेलं. आणि ते ठणठणीत चालत होतं.

बाइंडरबाई उठून उभ्या राहिल्या. "हे कसं?"

"जावयाला बोलवा," बाई म्हणाल्या. "हत्यारं घेऊन ये म्हणावं. आणि हा कागद आत ठेवा."

जावयाने मागचं झाकण उघडलं. आतली चाकं लख्ख होती, ताजं तेल चमकत होतं. बॅलन्सचं चाक मजेत डोलत होतं. त्याने भिंग लावून नंबर वाचला, आणि बाईंनी कार्डावरचा वाचला. शेवटचे तीन आकडे जुळले नाहीत.

"हे माझ्या बाबांचं नव्हे," बाइंडरबाई म्हणाल्या.

"नाही. पण कडं तुमच्याच बाबांच्या घड्याळाचं आहे. फुटकी काच तिकडून काढून इकडे बसवलीय." बाईंनी जावयाकडे पाहिलं. "तुमच्या दुकानात असं दुसरं होतं?"

"असलं? मी उभ्या जन्मात दोन पाहिलीत. एक हे आलं ते. दुसरं..." तो थांबला.

बाईंनी तोवर टोपी उचलली होती. कालपासून काय खुपत होतं, ते त्यांना सापडलं होतं.

सहा

या वेळी दार पहिल्या बेलला उघडलं, कारण फोन केलेला नव्हता, आणि दारात कोण आहे ते आत माहीत नव्हतं. साहेब घरच्या कपड्यात होते. बाई त्यांच्या बाजूने सरळ कपाटापाशी गेल्या. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. पस्तीस घड्याळं तेच सांगत होती. तिसऱ्या रांगेतलं एक चार वाजून दहा दाखवत होतं.

"काल तुम्ही आम्हाला दारात उभं ठेवलंत," बाई म्हणाल्या. "बेल वाजली तेव्हा लक्षात आलं असेल, की छत्तीसातलं एक भलत्याच वेळेवर उभं आहे. घाईघाईने कडं काढलंत, पट्टी ओढलीत, काटे त्या क्षणाच्या वेळेवर आणलेत. मी आले तेव्हा ते बरोबर होतं. मी निघाले तेव्हाही ते तिथेच होतं. आणि मी वेडी त्यावरून वेळ पाहून निघाले."

साहेबांचा चेहरा हलला नाही. "बिघडलंय ते. दुरुस्त करणारा राहिला नाही आता."

"रोज छत्तीसच्या छत्तीस चालतात म्हणालात."

बाई कपाटाकडून त्यांच्याकडे वळल्या.

"काकांनी गुरुवारी फोन तुम्हालाच केला. ते घड्याळ तुमच्याकडच्या एका घड्याळाचं जुळं आहे, हे तुम्हाला माहीत होतं. नुसतं चोरलं असतं, तर पोलिसांनी विचारलं असतं, सगळं सोडून हेच का नेलं? मग तो जुना अपघात निघाला असता. म्हणून बदलायचं ठरवलंत. पण चालू घड्याळ मोडक्याच्या जागी ठेवता येत नाही. ते आधी थांबायला हवं. चावी संपायला दीड-दोन दिवस लागतात, साहेब. म्हणजे फोन झाल्यापासून तुम्ही त्या एका घड्याळाला चावी देणं बंद केलंत. शनिवारच्या संध्याकाळची तयारी गुरुवारीच सुरू झाली होती."

"तर्क आहे हा."

"नंबर तर्क नसतो." बाईंनी पिवळं कार्ड काचेवर टेकवलं. "उघडता, की मी उघडू?"

साहेबांनी स्वतःच किल्ली लावली. ते घड्याळ त्यांनी काढून दिलं. जावई हवालदारासोबत दारात उभा होता. त्याने मागचं झाकण उघडून नंबर वाचला. कार्डाशी जुळला. मग त्याने कडं काढलं, तबकडी उजेडाकडे तिरकी धरली, आणि भिंग बाईंच्या हातात दिलं.

"छत्तीसच्या खुणेपाशी बघा."

पांढऱ्या तबकडीवर केसाहून बारीक अशी एक निळसर रेघ होती. टकरीत काच आत दाबली गेली तेव्हा मिनिटकाटा तबकडीवर दाबला जाऊन चरा पडला होता, आणि काट्याचा निळा रंग त्यात उतरला होता. मध्यापासून सरळ छत्तीसकडे. काटे मागाहून हलवले, पण रेघ काही हलवता आली नव्हती.

"त्या दिवशी स्टेशनवर कोण होतं?" बाईंनी विचारलं.

साहेब खुर्चीत बसले.

"धुकं होतं," ते म्हणाले. "मी तिशीचाही नव्हतो. मला वाटलं मालगाडी आत आली. मी पॅसेंजर सोडली. नंतर वहीत वेळ बदलली. घड्याळ तेवढं आड येत होतं. हा घड्याळवाला बिचारा रेल्वेच्या कंत्राटावर होता, घरी तान्ही मुलगी. मी म्हणालो, दोन काटे हलव, नाहीतर उद्यापासून काम बंद. त्याने हलवले."

"आणि शनिवारी?"

"मी नुसतं बदलायला गेलो होतो. त्याला बोलण्यात गुंतवलं, ताटलीतलं उचललं. काउंटरशी पाठ करून दोघांची कडी आणि साखळ्या बदलल्या, काटे जुळवले आणि माझं ताटलीत ठेवलं. त्याला कळणार नाही असं वाटलं." ते हसले, आणि ते हसू पाहवत नव्हतं. "त्याने ते नुसतं हातात घेतलं. म्हणाला, साहेब, हे तुमचं आहे, याला मी गेल्या वर्षी तेल दिलंय. आणि मग म्हणाला, द्या इकडे, ते तिचं आहे. हात पुढे करून उभा राहिला. खाली मान घालून माझ्यासमोर तीस वर्षं बसलेला माणूस. ऐरण हाताशी आली, आणि मग चोरी वाटावी म्हणून मी खण उपसला, शटर ओढून निघालो."

"मग घड्याळ तळ्यात का नाही टाकलं?"

"कपाटात जागा रिकामी दिसली असती. लोकांना यादी पाठ आहे." साहेबांनी जावयाच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. "आणि टाकवलं नाही मला."

सात

काकांच्या मुलीला बाईंनी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. बापाचा खुनी सापडला याचा आनंद तिला धड करता येईना, आणि बापाने काय केलं होतं याचा राग धड धरता येईना. "मी तान्ही होते, माझ्यासाठी केलं म्हणता," ती म्हणाली, "पण माझं नाव त्यात कशाला घातलं त्यांनी?"

दुसऱ्या दिवशी बाइंडरबाई घड्याळ मागायला आल्या. बाईंना नाही म्हणावं लागलं. खटला संपेपर्यंत ते मुद्देमालात राहणार, आणि खटला किती वर्षं चालेल ते सांगता येत नव्हतं.

"मग मला एक कागद द्या," त्या म्हणाल्या. "बाबांची चूक नव्हती असा. शिक्का मारून."

"तो माझ्या हातात नाही. जुन्या चौकशीचे कागद रेल्वेने कधीच नष्ट केलेत, मी विचारून पाहिलं. मी फक्त खुनाचं लिहू शकते."

बाइंडरबाईंनी मान डोलावली. अशा उत्तरांची त्यांना सवय असावी. त्या जायला वळल्या तेव्हा बाईंनी त्यांना थांबवलं, खुर्ची पुढे ओढली, आणि पंचनाम्याची प्रत त्यांच्यासमोर ठेवून एका ओळीवर बोट टेकवलं. हवालदाराच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: 'तबकडीवर मिनिटकाट्याचा जुना ठसा छत्तीसाव्या मिनिटावर स्पष्ट आढळला. त्यावरून सदर घड्याळ अपघातसमयी पाच वाजून छत्तीस मिनिटांनी बंद पडल्याचे दिसते.' खाली पंचांच्या सह्या आणि ठाण्याचा शिक्का.

बाइंडरबाईंनी ती ओळ वाचली. मग बोट ठेवून अक्षर न् अक्षर पुन्हा वाचली. मग विचारलं, "फोन करू का एक? माझा भाऊ आहे. लांब असतो. सोळाव्या वर्षी घर सोडून गेला, आडनावही बदललं. आम्ही घरात बाबांचं नाव काढत नाही."

बाईंनी फोन त्यांच्याकडे सरकवला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली. मग एका पुरुषाचा आवाज आला, घाईतला, कामात असलेला.

"दादा," बाइंडरबाई म्हणाल्या, "बाबा वेळेत होते."

त्यांनी ते पुन्हा सांगितलं, आणि मग कागदावरची ओळ वाचून दाखवू लागल्या. अर्ध्यावर आल्या असतील, तेवढ्यात फोनमधून एका मोठ्या माणसाच्या रडण्याचा आवाज थेट टेबलाच्या अलीकडे ऐकू आला.

फौजदारबाई उठल्या. हवालदाराला त्यांनी डोळ्यांनी खूण केली, आणि दोघंही बाहेर आले. दार बाईंनी हळूच ओढून घेतलं.